उजेड कुणावर पाडायचा?

मार्चच्या शेवटी एका रविवारी आमच्या आळीतली पाच मुलं घरी आली. दोघं इंजिनीयर, एक लग्नाच्या मांडवांना साउंड-लाइट पुरवणारा, एक मुलगी ॲनिमेशन शिकणारी आणि एक नुसताच उत्साही. "काका, किल्ल्यावर लाइट शो करायचाय. स्क्रिप्ट तुम्ही लिहा. वीस मिनिटं. आपल्या बंदराचा अडीच हजार वर्षांचा इतिहास."

अडीच हजार वर्षं वीस मिनिटांत, म्हणजे मिनिटाला सव्वाशे वर्षं. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे, त्यामुळे हा वेग मला नवा नव्हता. मुलांनी वेळेची वाटणीही करून आणली होती. सोपारा दोन मिनिटं, पोर्तुगीज तीन, चिमाजी अप्पा बारा आणि शेवटची तीन मिनिटं 'आजची वसई-विरार', ड्रोनमधून. बेरीज बरोबर वीस येत होती. वरती ठळक अक्षरांत शीर्षक होतं, 'बंदराची गाथा'. मी यादी दोनदा वाचली. तिच्यात स्तूप होता, तट होता, सुरुंग होते, भगवा झेंडा होता. होडी एकही नव्हती.

तिथून पुढे दीड महिना मी ही स्क्रिप्ट लिहितो आहे, खोडतो आहे, पुन्हा लिहितो आहे. हा लेख त्या खाडाखोडीचा आहे.

आधी या खेळाबद्दल थोडं. ऐतिहासिक वास्तूवर रात्री प्रकाश पाडून, सोबत आवाज जोडून तिची गोष्ट सांगायची, ही कल्पना फ्रान्समधली. १९५२ साली शांबोर इथल्या राजवाड्यावर पॉल रोबेर-उदँ यांनी असा पहिला खेळ केला. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर तो १९६५ साली आला. पुढे गोवळकोंडा, अंदमानचं सेल्युलर जेल असं करत 'ध्वनी-प्रकाश कार्यक्रम' आपल्या सहलींचा भागच झाला. तेव्हा दिव्यांनी फक्त वास्तू उजळायची आणि गोष्ट आवाज सांगायचा. आता प्रोजेक्टर भिंतीवर हलती चित्रंच टाकतो. भिंतीचं मोजमाप संगणकात घालतात, खिडकी कुठे, कमान कुठे हे त्याला कळतं, आणि मग तीच भिंत फुटताना, वितळताना, लाटांखाली जाताना दिसते.

पण भिंतीवर सोडलेली हलती चित्रं ही काही आपल्याकडे परदेशातून काल-परवा आलेली गोष्ट नाही. वसईच्या खाडीतून वर जात राहिलं की उल्हास नदीवर कल्याण लागतं. त्या कल्याणात १८९० च्या दशकात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ उभा केला. काचेच्या पट्ट्यांवर हातांनी रंगवलेली चित्रं, त्यांच्यामागे कंदील, पुढे पांढरा पडदा, आणि सोबत निवेदन, संवाद, गाणी. पटवर्धन पिता-पुत्र हे सामान घेऊन गावोगाव फिरले. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या वीसेक वर्षं आधी, आमच्याच खाडीच्या वरच्या अंगाला, मराठी माणसं अंधारात बसून उजेडाची चित्रं बघत होती. मुलांना हे सांगितलं तेव्हा ॲनिमेशन शिकणारी मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण नवीन काहीच करत नाही आहोत." मी म्हटलं, ही चांगली सुरुवात झाली.

दुसरी अडचण दगडाची. वसईचा तट काळ्या पाषाणाचा. काळा दगड उजेड पितो. जिथे चुन्याचा गिलावा टिकला आहे, तिथे थोडा तो परत देतो. बाकी ठिकाणी शेवाळ, पिंपळाच्या मुळ्या आणि खडबडीत चिरे. शाळेतल्या प्रोजेक्टरचा उजेड साधारण तीन हजार ल्युमेनचा असतो. तटासाठी त्याच्या कितीतरी पट ताकद लागते, म्हणजे भाडं लागतं, जनरेटर लागतो. शिवाय किल्ला संरक्षित स्मारक. सूर्यास्तानंतर तिथे काही करायचं तर आधी परवानग्या. तेव्हा मुलांनी ठरवलं की आधी कुठेतरी कापडावर प्रयोग करू, स्क्रिप्ट पक्की करू, मग अर्ज. मला हे बरंच वाटलं. काय दाखवायचं हे ठरण्याआधीच कशावर दाखवायचं हे ठरलं होतं, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच होता. भिंतीवर उजेड पाडला की गोष्ट भिंतीचीच निघते. कुणी बांधली, कुणी पाडली, कुणी जिंकली. बंदराची गोष्ट भिंतीच्या पलीकडे, पाण्यावर असते.

पहिला प्रवेश सोपाऱ्याचा.

आज नालासोपारा म्हटलं की लोकांना लोकलचा दरवाजा आठवतो. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती ग्रीकमध्ये लिहून ठेवणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने, म्हणजे 'पेरिप्लस'च्या लेखकाने, भडोचच्या दक्षिणेची बंदरं सांगताना सोपाऱ्याचं नाव घेतलं आहे. टॉलेमीच्या भूगोलात ते आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने आपली दानं कोरून ठेवली, त्यातही शूर्पारक आहे. बौद्ध कथांमधला पूर्ण हा व्यापारी इथला, समुद्रावर जाऊन श्रीमंत झालेला आणि नंतर भिक्खू झालेला. पुढे अरब प्रवाशांच्या लिखाणात 'सुबारा' येतं. म्हणजे किमान हजार वर्षं हे नाव समुद्रावर फिरत होतं.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा टेकाड खणला. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत आठ बुद्धमूर्ती, मधोमध एकात एक ठेवलेले तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक, आणि सगळ्यात आतल्या करंडकात भिक्षापात्राचे मातीचे तुकडे. त्याच वर्षी भातेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. करंडक एशियाटिक सोसायटीकडे. आमच्याकडे राहिला विटांचा ढिगारा.

इथे मुलांना हवा होता सोन्याचा करंडक. तो हवेत तरंगत उघडत जाईल, आतून प्रकाश येईल. दिसायला सुंदरच दिसेल. पण मला विचाराल तर सोपाऱ्याची खरी गोष्ट त्या करंडकाच्या बाहेर आहे. तिथे जहाजं लागत होती, आणि आज तिथे समुद्रच नाही. एके काळी वैतरणा आणि वसईची खाडी यांच्यामध्ये पाणी होतं, वसई हे बेट होतं. ते पाणी गाळाने भरत गेलं. कोणी स्वारी केली नाही, कोणी जाळलं नाही. दरवर्षी थोडा गाळ आला आणि एक दिवस जहाज आत येईना. असा शेवट रंगवून दाखवणं फार कठीण. त्याला स्फोट नाही, त्याला तारीखही नाही. मी स्क्रिप्टमध्ये लिहिलं : 'पडद्यावर निळा रंग. तो दोन मिनिटं हळूहळू तपकिरी होत जातो.' साउंड-लाइटवाला मुलगा म्हणाला, "काका, लोक उठून जातील."

दुसरा प्रवेश पोर्तुगिजांचा. तीन मिनिटं.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना देणारा तह केला. एकीकडून हुमायून चालून येत होता, सुलतानाला दुसरी आघाडी परवडणारी नव्हती. या तहात वसईबरोबर तिच्या ताब्यातली बेटंही गेली, म्हणजे साष्टी आणि मुंबईसुद्धा. मुंबई तेव्हा वसईच्या हाताखालची होती, हे वाक्य आम्हा वसईकरांना फार आवडतं. ते मीही वर्गात दरवर्षी म्हणायचो.

पण तहाची कलमं वाचली की जमिनीपेक्षा पाण्याबद्दलच जास्त बोलणं दिसतं. गुजरातच्या बंदरांतून लाल समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून निघावं आणि परतताना वसईला येऊन जकात भरावी. इतरत्र जाणाऱ्यांनी पोर्तुगीज परवाना घ्यावा. सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजं बांधू नयेत. म्हणजे पोर्तुगिजांनी गावापेक्षा समुद्रावरच्या वाटेवर नाकं बसवलं. किल्ला हे त्या नाक्याचं ऑफिस.

आणि किल्ला उभा करायला लागणारं सगळं इथलंच. मागच्या डोंगरांतलं सागवान, इथला दगड, इथले पाथरवट, सुतार. वसईचा दगड आणि लाकूड जहाजांतून गोव्यापर्यंत जात असे. खाली वैतरणेच्या बाजूचं आगाशी तर पोर्तुगीज येण्याआधीपासून जहाजबांधणीसाठी नावाजलेलं. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगिजांनी ते लुटलं त्याचं कारणही तेच. आज आगाशीला गेलं की केळीच्या वाड्या, भवानीशंकराचं देऊळ आणि तलाव दिसतो. इथे गलबतं बांधणारे हात होते, ही खूण सांगणारा एक फलकसुद्धा नजरेला पडत नाही.

या तीन मिनिटांत एक माणूस मला हवाच होता. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. जन्म वसईत, १५५६-५७ च्या सुमारास. येशूसंघीयांबरोबर पोरवयात जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत म्हणून. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मला त्याच्यात बंदर दिसतं. वसईत जन्मलेला एक मुलगा चाळिशीच्या आत तीन समुद्र ओलांडून जपानी भाषेत प्रवचन करत होता. त्या वेळी पुणं-साताऱ्याकडच्या किती मुलांना समुद्र कसा दिसतो हे माहीत होतं?

तिसरा प्रवेश मुलांच्या यादीत नव्हता. तो मी घातला.

साल १६५७ ते १६५९. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथे जहाजं बांधायला काढली. मराठी आरमाराचा जन्म आपण सिंधुदुर्गाशी जोडतो, पण पहिली गलबतं या खाडीच्या काठी उभी राहिली. ती बांधणाऱ्यांत रुई लैताव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज होता आणि त्याच्या हाताखाली बरीच पोर्तुगीज माणसं होती. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. भिवंडी-कल्याणहून उल्हासच्या पाण्यातून निघालेलं जहाज पश्चिमेकडे समुद्रात जायचं तर वसईच्या तोफांखालून जावं लागे. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाला हे गलबतांचं काम दिसत होतं आणि काय होणार हेही कळत होतं. त्याने व्हियेगश आणि त्याच्या माणसांना फितवलं, आणि ती माणसं काम टाकून गुपचूप निघून गेली. आरमाराचं काम तरी थांबलं नाही. म्हणजे ते इथल्या कारागिरांनी पुढे नेलं.

हा प्रवेश मुलांना एकदम आवडला. कारण शिवाजी महाराज. मला तो आवडतो त्या अज्ञात सुतारांसाठी. परदेशी मिस्त्री पळून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वाकस आणि पटाशी घेऊन पुन्हा कामाला बसलेले ते लोक.

मग चिमाजी अप्पा. बारा मिनिटं.

वसईत हा विषय जपून बोलायचा असतो, आणि तरी सगळ्यांत मोठ्याने बोलला जातो. दर मे महिन्यात विजयोत्सव होतो. किल्ल्यात अप्पांचं स्मारक आहे. वज्रेश्वरीला बोललेला नवस आणि नंतर बांधलेलं देऊळ, ही गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. अप्पांच्या तोंडी घातलं जाणारं ते प्रसिद्ध वाक्यही. मुलांच्या डोक्यातले बारा मिनिटांचे बारा स्फोट मला दिसत होते. सान सेबास्तियान बुरुजाखाली सुरुंग, भिंत कोसळते, मावळे घुसतात.

ते झालंच. मे १७३९ मध्ये सुरुंग उडाले, बुरुजाला खिंडार पडलं, दोन्हीकडची माणसं भयंकर संख्येने मेली, आणि १६ मे रोजी पोर्तुगीज शरण आले. पण वसई भिंत फुटल्यामुळे पडली, एवढंच सांगितलं तर दोन वर्षं चाललेली मोहीम हातातून निसटते. १७३७ साली मराठ्यांनी आधी ठाणे घेतलं, अर्नाळा घेतला. १७३९ च्या सुरुवातीला माहीम, तारापूर, अशेरी, मग वेसावे, मग खाडीच्या दक्षिण तोंडावरची धारावी. ही नावं नकाशावर टिंबांसारखी मांडली की चित्र उमटतं. अप्पा वसईच्या भोवतीचं पाणी तुकड्या-तुकड्याने आवळत होते. ज्या सत्तेचा जीव समुद्रावरच्या रसदीत आहे, तिच्या तटाला हात घालण्यापूर्वी तिची खाडी बंद करायची. पेशव्यांची फौज घोड्यांवरून आली होती, पण ही मोहीम भरती-ओहोटी समजणाऱ्या, खाडीच्या वाटा माहीत असणाऱ्या माणसांच्या मदतीशिवाय होणं शक्य नव्हतं. या माणसांसाठी मी बारापैकी चार मिनिटं मागितली. मुलं तीनवर तयार झाली.

आणि शेवटचं एक मिनिट मी शरणागतीसाठी राखून ठेवलं. काएतान द सोझा परेरा याने सही केली. अटी सन्मानाच्या होत्या. सैन्याला शस्त्रांसह, वाद्यं वाजवत बाहेर जाऊ द्यायचं, रहिवाशांना मालमत्ता नेऊ द्यायची, जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळू द्यायचा. पोर्तुगीज जहाजांत बसून गेले. चर्चच्या घंटा राहिल्या, आणि त्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या, मेणवलीच्या, भीमाशंकरच्या घंटा आजही दिसतात. मागे राहिलेले ख्रिस्ती लोकही राहिले. त्यांची पणतवंडं माझ्या वर्गात बसत होती. मी १७३९ शिकवताना 'आपण' हा शब्द कसा वापरायचा, हे मला तीस वर्षं नीट सुटलं नाही. तासाला माझ्यासमोर वाडवळ, सामवेदी, कोळी, भंडारी, ख्रिस्ती, मुसलमान मुलं बसलेली असत. 'आपण जिंकलो' म्हटलं की वर्गातली काही मुलं खाली बघत. पुढे मी 'आपण' सोडून दिलं आणि 'मराठ्यांनी' म्हणू लागलो. मग दुसरी काही मुलं खाली बघू लागली. उजेडाच्या खेळात तर पाचशे माणसं एकदम समोर असणार. तिथे निवेदकाने काय म्हणायचं?

त्या मिनिटाला मी निवेदन काढून टाकलं. फक्त घंटेचा आवाज ठेवला. तो आधी चर्चमधून येतो आणि थांबता थांबता देवळातून ऐकू येतो. घंटा तीच आहे.

पुढचा भाग कुणाच्याच यादीत नसतो. १७३९ नंतर वसई पेशव्यांच्या आरमाराचा सुभा झाली. १७८० मध्ये जनरल गॉडार्डने ती घेतली, सालबाईच्या तहानंतर परत मिळाली. १८०२ च्या डिसेंबरात होळकरांपुढून पळालेला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या जहाजातून वसईला उतरला, आणि ३१ डिसेंबरला त्याने तैनाती फौजेचा तह केला. अप्पांनी जिंकलेल्या जागी, त्यांच्याच घराण्यातल्या पेशव्याने, त्रेसष्ट वर्षांनी स्वातंत्र्य गहाण टाकलं. बारा मिनिटं जिंकल्याची आणि या सहीला एक सेकंद नाही, हे मला पटेना. मुलांशी थोडं वाजलं. "उत्सवात हे कशाला?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी अर्धं मिनिट मिळालं.

मग रेल्वे. १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईत ग्रँट रोडला पोचली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे जाणारी पहिली उपनगरी गाडी सुटली. माझ्या मते वसईच्या बंदराला कलाटणी देणारी ही तारीख १७३९ इतकीच मोठी आहे. त्या दिवसापासून गावाने समुद्राकडे पाठ केली आणि तोंड स्टेशनकडे केलं. भाजी, केळी, फुलं, दूध, मासळी आणि शेवटी माणसं, सगळं पूर्वेकडून जाऊ लागलं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती बारा लाखांवर होती. त्यातले किती लोक बंदर दरवाज्यातून एकदा तरी बाहेर आले असतील?

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही प्रयोग करून पाहिला. पाचूबंदरला, बोंबील सुकवायच्या बांबूंच्या मांडवाला पांढरं कापड बांधून. त्या मुलांतल्या एकाच्या ओळखीचे एक म्हातारे कोळी होते, त्यांनी जागा दिली. प्रोजेक्टर क्लासेसमधून मागून आणलेला. वारा होता, कापड शिडासारखं फुगत होतं. सोपाऱ्याचा स्तूप पोट आल्यासारखा दिसला. अप्पांचा घोडा पाण्यातून चालल्यासारखा दिसला. मुलं वैतागली, मला मात्र मजा वाटली.

वीस मिनिटं झाली. आजूबाजूच्या घरांतली पोरं टाळ्या वाजवून गेली. मी त्या काकांना विचारलं, "कसं वाटलं?"

"बरा हाय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "मास्तर, दर्यावर लोक एलईडी लावतात. लाइट मारतात, मासळी गोळा होते, मग जाळी टाकून सगळी उचलतात. तुमी पन लाइट मारून मानसा गोला करनार. गोला करून काय करनार?"

ते थट्टा करत नव्हते. एलईडीच्या उजेडात मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. बंदी कागदावर आली तरी किनाऱ्यावरच्या छोट्या होड्यांची तक्रार संपलेली नाही. प्रखर दिव्याने ओढून मोठ्यांबरोबर पिल्लंही उचलली जातात, आणि खुंटाला डोळ बांधून भरतीची वाट बघणाऱ्याच्या जाळ्यात काही येत नाही. आम्ही ज्या उजेडाला उत्सव म्हणत होतो, त्याचा अर्थ त्या किनाऱ्यावर वेगळा होता.

मग ते आपलं बोलू लागले. बंदरात गाळ भरलाय. ओहोटीला होडी धक्क्याला लागत नाही, भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं, तोवर बर्फ वितळतो. मी उभा होतो तिथेच थबकलो. दोन मिनिटांत निळ्याचं तपकिरी होणारं जे दृश्य लोक उठून जातील म्हणून काढून टाकलं होतं, ते मला कुणीतरी तोंडी सांगत होतं. सोपाऱ्याचा गाळ वसईपर्यंत आलेला आहे. तो दरवर्षी थोडा येतो.

बंदर संपलं, असं मात्र मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२४ पासून किल्ल्याच्या धक्क्यावरून भाईंदरला रो-रो बोट जाते. गाड्या आणि माणसं पुन्हा पाण्यावरून खाडी ओलांडतात. जून २०२५ मध्ये नौदलात आलेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला 'अर्नाळा' हे नाव मिळालं. आणि आमच्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवणला शहात्तर हजार कोटी रुपयांचं महाबंदर होऊ घातलं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. विकासाच्या बाजूचे आकडे मोठे आहेत, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोधही अनेक वर्षांचा आहे. जिल्ह्याला 'सागरी वारसा' हा शब्द इथून पुढे बराच ऐकायला मिळेल. म्हणूनच त्या शब्दात होडी आहे की नाही, हे आताच बघून घ्यायला हवं.

त्या रात्री घरी येऊन मी एक जुनं टिपण काढलं. १९५६ साली वसईजवळच्या भुईगावला अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्याचं कौतुक १८८२ पासून होतं, नवव्याकडे माझंच कधी लक्ष गेलं नव्हतं. त्याचा विषय आहे मंगलकार्यं. सम्राट म्हणतो त्याचा मथितार्थ असा : आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळ जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. ते करावेतच, पण त्यांचं फळ थोडं. दासांना आणि नोकरचाकरांना नीट वागवणं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं, जिवांबाबत हात आवरता ठेवणं, दान देणं, हे मंगल खरं फळ देणारं.

प्रवासाला निघताना केले जाणारे विधी. हे बंदरावरच कोरून ठेवलं होतं. जहाज सुटताना नारळ फोडणाऱ्या, दिवे लावणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या लोकांना उद्देशून. उत्सव करू नका असं त्यात नाही. उत्सवाने आपलं काम झालं असं समजू नका, एवढंच आहे.

स्क्रिप्ट आता अशी आहे. सोपाऱ्याला चार मिनिटं, त्यात गाळाचं दृश्य परत आलं आहे. पोर्तुगीज तीन, कल्याणची गलबतं दोन, चिमाजी अप्पा सहा, त्यात खाडी आवळण्याची तीन. बाजीरावाची सही अर्धं मिनिट, रेल्वे अर्धं. ड्रोनची तीन मिनिटं मुलांनी स्वतःहून काढली आणि तिथे पाचूबंदरच्या एका होडीचा एक दिवस घातला, पहाटे निघण्यापासून बर्फ वितळेपर्यंत. कापड शिडाचंच ठेवायचं ठरलं आहे, वाऱ्यावर फुगणारं. परवानगीचा अर्ज आता तटासाठी नाही, धक्क्यासाठी करायचा आहे.

उरलेलं एक मिनिट सुरुवातीचं. त्यात काहीच दाखवायचं नाही. प्रोजेक्टर बंद, धक्क्यावरचे दिवे बंद, मोबाइल खिशात. डोळे अंधाराला सरावले की समोर खाडीच्या तोंडावर, डोळ बांधून भरतीची वाट बघत थांबलेल्या होड्यांचे बारीक दिवे दिसू लागतात. त्यानंतर खेळ सुरू करायचा.